ए.एल.एच. ८४००१ : एका दगडाची दोनदा झालेली ओळख

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ७ ऑगस्ट १९९६ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभे राहून एका दगडाविषयी निवेदन केले. अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेला, मोठ्या बटाट्याएवढा आणि जेमतेम दोन किलो वजनाचा हा दगड मंगळावरून आलेला होता. त्यात अतिप्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात, असा दावा ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी केला होता. दुसऱ्या दिवशी जगभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर या दगडाचे छायाचित्र झळकले आणि ‘ए.एल.एच. ८४००१’ हे रुक्ष नाव घरोघरी पोहोचले.

हा दगड त्याआधी सुमारे नऊ वर्षे चुकीच्या नावाने नोंदला गेला होता, ही बाब मात्र फारशी चर्चिली गेली नाही. सापडल्यानंतर त्याची तपासणी झाली, वर्णन छापले गेले, वर्गही ठरला आणि मग तो इतर शेकडो नमुन्यांबरोबर ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत जपून ठेवण्यात आला. तो मंगळाचा आहे, असे त्या नोंदीत कोठेही नव्हते. आकाशातून पडलेल्या दगडाची जात कशी ठरवतात, त्या निर्णयाचा आधार किती भक्कम आणि किती तोकडा असतो, हे समजून घ्यायचे तर जीवसृष्टीच्या गाजलेल्या वादापेक्षा या नऊ वर्षांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

निळ्या बर्फावरचे काळे ठिपके

आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. तिचा न जळता जमिनीपर्यंत पोहोचलेला भाग म्हणजे अशनी. अशनी पृथ्वीवर सर्वत्र पडतात. अंटार्क्टिकावर ते अधिक पडतात असे नाही. मात्र तेथे ते अधिक सापडतात आणि याचे श्रेय बर्फाच्या चालीला द्यावे लागते.

अंटार्क्टिकावर पहिला अशनी सापडला तो ५ डिसेंबर १९१२ रोजी. डग्लस मॉसन यांच्या मोहिमेतील फ्रँक बिकर्टन यांच्या तुकडीला अॅडेली लँड भागात बर्फावर सुमारे एक किलो वजनाचा दगड दिसला. त्यानंतरच्या अर्धशतकात आणखी अवघे तीन अशनी हाती लागले. डिसेंबर १९६९ मध्ये चित्र पालटले. यामाटो पर्वताजवळ बर्फाचा अभ्यास करणाऱ्या जपानी पथकाला एका छोट्या टापूत नऊ अशनी मिळाले. एकाच अशनीचे हे तुकडे असतील, असे प्रथम वाटणे साहजिक होते. तपासणीअंती मात्र ते वेगवेगळ्या जातींचे निघाले. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या ठिकाणी पडलेले दगड एकाच जागी आले होते, म्हणजे कोणीतरी ते वाहून आणले होते. हे काम बर्फाचे होते.

खंडाच्या अंतर्भागातील पठारावर पडलेला अशनी हिमात गाडला जातो आणि त्या हिमाचे झालेले बर्फ त्याला पोटात घेऊन वर्षाला काही मीटर या गतीने समुद्राकडे सरकू लागते. वाटेत पर्वतरांग आडवी आली की बर्फ तुंबते आणि हळूहळू वर चढते. तेथे पठारावरून सुटणारा कोरडा, बोचरा वारा त्याचा पृष्ठभाग दरवर्षी काही सेंटिमीटरने झिजवतो. बर्फ उडून जाते, दगड मागे राहतात. हजारो वर्षे ही क्रिया चालली की जुन्या, घट्ट, निळसर बर्फाच्या मैदानावर काळ्या ठिपक्यांसारखे अशनी उघडे पडतात. आसपास डोंगर नसेल तर तेथे दिसणारा जवळपास प्रत्येक दगड आकाशातूनच आलेला असणार, हे उघड आहे. थंडी आणि कोरडेपणा यांमुळे तो फारसा गंजतही नाही.

जपानी पथकाची ही माहिती पिट्सबर्ग विद्यापीठाचे विल्यम कॅसिडी यांनी १९७३ मध्ये दाव्होस येथील एका परिषदेत ऐकली. त्यांच्या प्रयत्नांतून १९७६ मध्ये ‘अॅन्समेट’ ही अमेरिकी शोधमोहीम सुरू झाली. या एका मोहिमेने आजवर २० हजारांहून अधिक अशनी गोळा केले आहेत.

हिरवट दिसलेला दगड

मॅकमर्डो तळाच्या वायव्येला, दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर अॅलन हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पश्चिमेकडील दूरच्या बर्फमैदानात २७ डिसेंबर १९८४ रोजी ‘अॅन्समेट’च्या पथकातील रॉबर्टा स्कोर यांना हा दगड दिसला. निळ्या बर्फावर, काळ्या चष्म्यातून पाहताना तो हिरवट भासला. त्या दिवसापर्यंत पाहिलेल्या दगडांपेक्षा तो काहीसा निराळा होता, अशी नोंद तेव्हाच झाली.

अशा दगडाला उघडा हात लावत नाहीत. तो निर्जंतुक पिशवीत घ्यायचा, त्याला तात्पुरता क्रमांक द्यायचा, जागा नोंदवायची आणि गोठलेल्या स्थितीतच जहाजाने अमेरिकेला रवाना करायचा, अशी पद्धत आहे. ह्यूस्टन येथील जॉन्सन अवकाश केंद्रात नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद कपाटात दगडावरचे बर्फ हळूहळू जाऊ दिले जाते. हवेतील बाष्प आणि ऑक्सिजन यांचा स्पर्श होऊ नये, हा त्यामागील हेतू. चंद्रावरून आणलेले खडक हाताळताना हीच शिस्त तयार झाली होती.

नावाची रीतही साधी आहे. अॅलन हिल्सची तीन इंग्रजी आद्याक्षरे, मग मोहिमेच्या हंगामाचे वर्ष आणि शेवटी क्रमांक. मात्र हा क्रमांक सापडण्याच्या क्रमाचा नसून प्रयोगशाळेत तपासणीच्या क्रमाचा असतो. स्कोर यांच्या मनात हा हिरवट दगड राहून गेला होता, म्हणून त्या हंगामातील पेटी उघडल्यावर तो सर्वप्रथम बाहेर काढण्यात आला आणि ‘००१’ हा मान त्याला मिळाला. गंमत अशी, की ह्यूस्टनच्या दिव्यांखाली तो हिरवा दिसलाच नाही. तो करड्या रंगाचा एक साधा दगड होता. वजन भरले १९३०.९ ग्रॅम.

वर्णनाची पहिली पाने

अशनीचे प्राथमिक वर्णन एखाद्या पंचनाम्यासारखे असते. वजन, मापे, बाहेरच्या काळ्या कवचाचा किती भाग शिल्लक आहे, भेगा किती, गंज किती. वातावरणातून येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि लगेच थिजतो. त्यातून काचेसारखे पातळ काळे कवच तयार होते. ते दिसले की दगड आकाशातला आहे, याची बहुधा खात्री पटते. गंज आणि भेगा यांसाठी ह्यूस्टनमध्ये ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा श्रेणी आहेत. ‘ए’ म्हणजे नाममात्र, ‘सी’ म्हणजे भरपूर.

खरी ओळख आतून पटते. दगडाचा छोटा तुकडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे जातो. तेथे त्यातून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून तयार करतात. एवढ्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खनिज आपापल्या रंगांनी ओळखू येते.

पहिला प्रश्न असतो तो गोल कणांचा. अशनींचे तीन ढोबळ गट आहेत. लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूचे, धातू आणि खडक यांच्या मिश्रणाचे, आणि निव्वळ दगडी. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींपैकी चौऱ्याण्णव-पंच्याण्णव दगडी असतात. यांतील बहुसंख्य अशनींमध्ये मिलिमीटरभर आकाराचे गोल कण खच्चून भरलेले दिसतात. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, अवकाशातील धूळ वितळून झालेले हे थेंब आहेत. त्यांना ‘काँड्रूल’ म्हणतात आणि ते ज्यात असतात तो दगड ‘काँड्राइट’. असा दगड जेथून आला तो मूळ पिंड कधीच पूर्ण वितळला नव्हता, हे त्यावरून कळते. ज्यात हे थेंब नाहीत तो ‘अकाँड्राइट’. त्याचा जनक पिंड वितळलेला होता, त्यात ज्वालामुखी होते, लाव्हा थिजून तेथे खडक झाले होते. दगड लघुग्रहाच्या ढिगाऱ्यातला की एखाद्या घडलेल्या ग्रहाच्या कवचातला, हा फरक येथेच कळू लागतो.

काँड्राइटांची पुढील वर्गवारी बरीच यांत्रिक झाली आहे. त्यांतील ऑलिव्हीन या खनिजात लोखंड आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण बदलते असते. लोहयुक्त घटक १६ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर अशनी ‘एच’ गटाचा, साधारण २२ ते २६ टक्के असेल तर ‘एल’ गटाचा आणि त्याहून जास्त असेल तर ‘एलएल’ गटाचा. त्यापुढे एक आकडा लावतात. मूळ पिंडाच्या पोटात दगड किती शेकला गेला, हे तो सांगतो. ‘३’ म्हणजे गोल कण जसेच्या तसे, ‘६’ म्हणजे उष्णतेने त्यांच्या कडा जवळपास विरघळून गेलेल्या. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये सुचवलेली ही पद्धत आजही वापरात आहे. बिकर्टन यांचा १९१२ चा दगड ‘एल ५’ गटात बसतो. गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यात २८ जानेवारी १९७६ रोजी कोसळलेला धजाला अशनी ‘एच ३’ गटातला आहे आणि त्यातील गोल कण सुट्या मण्यांसारखे ओळखू येतात.

अंटार्क्टिकाहून एकेका हंगामात शेकड्यांनी दगड येऊ लागले, तेव्हा प्रत्येकाची सखोल तपासणी अशक्य झाली. नेहमीच्या काँड्राइटांसाठी मग झटपट उपाय योजले गेले. ऑलिव्हीनचे कण विशिष्ट तेलात बुडवून त्यांच्यातून प्रकाश कसा वळतो ते पाहायचे आणि त्यावरून गट ठरवायचा, हा त्यांपैकी एक. या घाईला इलाज नव्हता. पण एखादा निराळा दगड नेहमीच्यांच्या रांगेत निसटून जाण्याची शक्यताही तिच्यातूनच निर्माण होते.

‘डायोजेनाइट’ हे लेबल

ए.एल.एच. ८४००१ च्या बाबतीत घाई झाली, असे म्हणता येणार नाही. त्याच्या कापात गोल कण नव्हते, म्हणजे तो अकाँड्राइट होता. त्याचा सुमारे ९७ टक्के भाग ऑर्थोपायरोक्झीन या एकाच खनिजाच्या मोठमोठ्या स्फटिकांचा होता. सोबत थोडे क्रोमाइट, किंचित काचरूप फेल्डस्पार आणि सुमारे एक टक्का कार्बोनेट. एवढ्या मोठ्या प्रमाणात ऑर्थोपायरोक्झीन असलेला अशनींचा एक गट शास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचा होता. तो म्हणजे ‘डायोजेनाइट’. अशनी आकाशातून येतात असे मानणाऱ्या डायोजिनिस या ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव या गटाला दिलेले आहे. हे दगड व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातील असावेत, असे व्हेस्टावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या १९७० मधील अभ्यासावरून सुचले होते. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने व्हेस्टाभोवती फिरून केलेल्या निरीक्षणांनी त्याला बळकटी दिली.

तेव्हा १९८५ मध्ये हा दगड डायोजेनाइट म्हणून जाहीर झाला. पट्टीच्या जाणकारानेही त्या वेळी हेच केले असते, कारण वर्गीकरण म्हणजे अखेर तुलना. समोरचा दगड आधी पाहिलेल्या दगडांपैकी कोणाशी जुळतो, एवढेच विचारता येते. निव्वळ ऑर्थोपायरोक्झीनचा मंगळीय खडक तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे तो खण रिकामा ठेवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. कार्बोनेट खटकायला हवे होते, असे आज म्हणणे सोपे आहे. पण ओल लागून असे कण पृथ्वीवरही तयार होतात.

न जुळणारी खनिजे

जॉन्सन केंद्रातच काम करणारे भूरसायनतज्ज्ञ डेव्हिड मिटलफेल्ट डायोजेनाइट गटाचा अभ्यास करत होते. मंगळाचा शोध घेणे हा त्यांचा विषय नव्हता. व्हेस्टावरचे दगड एकमेकांशी ताडून पाहणे एवढेच ते करत होते. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत खनिजाच्या कणावर सोडून त्याची रासायनिक घडण मोजणारे यंत्र त्यांच्या हाताशी होते.

ए.एल.एच. ८४००१ चे आकडे इतरांशी जुळेनात. त्यातील क्रोमाइटमध्ये ऑक्सिजनशी अधिक प्रमाणात संयोग पावलेले, फेरिक स्वरूपाचे लोखंड आढळत होते. डायोजेनाइट तयार झाले त्या परिस्थितीत ऑक्सिजनची चणचण होती. तेथे असे लोखंड असण्याचे कारण नव्हते. गंधकाचेही तसेच. डायोजेनाइटमध्ये लोखंड आणि गंधक समसमान असलेले ट्रॉयलाइट मिळते. येथे मात्र गंधकाचे प्रमाण दुप्पट असलेले पायराइट होते. ही दोन्ही लक्षणे एका दुसऱ्याच, लहानशा गटाच्या जवळ जाणारी होती. या गटाच्या नावातले पहिले अक्षर बिहारमधून आले आहे.

शेरघाटी, नखला, शासिनी

गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलोचा अशनी पडला. इंग्रजांच्या दप्तरात गावाचे ‘शेरगॉटी’ झाले आणि अशनीशास्त्रात ‘शेरगॉटाइट’ हा शब्द रूढ झाला. इजिप्तमधील नखला येथे १९११ साली आणि फ्रान्समधील शासिनी येथे १८१५ साली पडलेल्या दगडांशी त्याचे साधर्म्य होते. त्यांचे वय इतर अशनींच्या मानाने अतिशय कमी निघत होते. बहुतेक अशनी सूर्यमालेइतके जुने असताना हे लाव्हाचे दगड बऱ्याच नंतर थिजले होते. छोटा लघुग्रह लवकर थंड होतो. इतक्या उशिरापर्यंत ज्वालामुखी जागते ठेवणारा पिंड मोठा असायला हवा, म्हणजे ग्रहच असायला हवा, असा तर्क लढवला गेला.

पुरावा अंटार्क्टिकाने दिला. एलिफंट मोरेन भागात सापडलेल्या ‘ई.ई.टी.ए. ७९००१’ या शेरगॉटाइटमध्ये आघाताने तयार झालेली काच होती आणि तिच्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले होते. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ मध्ये हा वायू मोजला. व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर उतरून तेथील हवेची जी मोजमापे पाठवली होती, त्यांच्याशी ती जुळली.

शेरघाटीच्या दगडाने विज्ञानाला आणखी एक शब्द दिला. गुस्टाव्ह चेरमाक यांनी १८७२ मध्ये त्यात एक काचेसारखा पदार्थ पाहिला आणि ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्कलिन यांच्या नावावरून त्याला ‘मॅस्कलिनाइट’ म्हटले. प्रचंड आघाताने फेल्डस्पारची स्फटिकरचना मोडून तो तयार होतो. ए.एल.एच. ८४००१ मध्ये तो आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या खडकांतही तो मिळाला आहे, कारण लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणावर झालेल्या अशाच आघाताचे आहे.

ऑक्सिजनची साक्ष

खनिजांवरून बांधलेला अंदाज पुरेसा नव्हता. अशनीचा जनक पिंड ठरवण्यासाठी आज ज्यावर सर्वाधिक भिस्त ठेवली जाते, ते मापन ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे आहे. निसर्गात ऑक्सिजनचे अणू १६, १७ आणि १८ अशा तीन वजनांचे असतात. एकाच ग्रहावरील खडकांत ही प्रमाणे बदलली तरी ठरावीक नियमानेच बदलतात. आलेखावर मांडल्यास ते सारे एका तिरप्या रेषेवर येतात. प्रत्येक पिंडाची रेषा मात्र वेगळी. मंगळाची रेषा पृथ्वीच्या रेषेच्या किंचित वर, हजारात सुमारे ०.३ भाग, तर व्हेस्टाकडून आलेल्यांची किंचित खाली असते. फरक अतिसूक्ष्म असला तरी पक्का आहे. हा मार्ग शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट क्लेटन यांनी घालून दिला होता. त्यांनीच १९९३ मध्ये ए.एल.एच. ८४००१ चे मापन केले. दगड मंगळाच्या रेषेवर पडला.

मिटलफेल्ट यांचा सविस्तर लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दगडाची नोंद बदलली आणि मंगळीय अशनींत ‘ऑर्थोपायरोक्झिनाइट’ नावाचा नवा खण पाडावा लागला. या खणात आजही हा एकच दगड आहे.

दगडाचा प्रवास

जात निश्चित झाल्यावर चरित्र लिहिणे शक्य झाले. आधी त्याचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे सांगितले गेले. टॉमस लापेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निराळ्या मूलद्रव्यांच्या आधारे ते ४०९ कोटींवर आणले. तरीही तो मंगळावरून आलेल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एक आहे. मंगळाच्या पृष्ठाखाली मॅग्मा संथपणे थिजत असताना तळाशी साचलेल्या स्फटिकांतून तो घडला. पुढे आघातांनी त्यात भेगा पडल्या आणि सुमारे ३९० ते ४०० कोटी वर्षांपूर्वी त्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यातून कार्बोनेटचे बारीक गोळे तयार झाले. हे पाणी किती गरम होते, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. २०११ मधील एका मापनानुसार तापमान सुमारे १८ अंश सेल्सिअस होते. महाबळेश्वरच्या गारव्याशी तुलना व्हावी इतके ते सौम्य होते.

सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मंगळावर आदळलेल्या एखाद्या लघुग्रहाने हा तुकडा अवकाशात भिरकावला. अवकाशात असताना वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात हेलियम आणि निऑन यांचे विशिष्ट समस्थानिक साठत जातात. त्यांच्या मोजणीवरून हा काळ निघतो. सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी तो अंटार्क्टिकावर पडला. हा आकडा कार्बन-१४ च्या उरलेल्या अंशावरून मिळतो, कारण पृथ्वीवर आल्यावर त्याची भर थांबते आणि घट सुरू होते.

ऑगस्ट १९९६ आणि नंतर

डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या दाव्याचे चार आधार होते. कार्बोनेटचे गोळे, त्यांच्याजवळ आढळलेली जटिल सेंद्रिय संयुगे, काही पृथ्वीवरील जीवाणूंत सापडतात तसे मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक, आणि जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या लांबट आकृती. यांपैकी एकेक गोष्ट निर्जीव क्रियेतूनही घडू शकते, हे लेखकांनी स्वतःच मान्य केले होते. चारही एकत्र आढळतात, यावर त्यांचा भर होता.

टीकाकारांनी ही मोळी सोडवून एकेक काठी तपासली. सेंद्रिय द्रव्याचा बराचसा भाग अंटार्क्टिकाच्या बर्फातूनच झिरपला आहे, असे १९९८ मध्ये कार्बन-१४ आणि अमिनो आम्ले यांच्या मोजणीतून दिसले. त्या आकृतींतील पुष्कळशा १०० नॅनोमीटरपेक्षा लहान होत्या. जगण्यास लागणारी यंत्रणा एवढ्या जागेत मावणार नाही, असे बहुतेक जीवशास्त्रज्ञांचे मत पडले. मॅग्नेटाइटचे तसे स्फटिक लोहयुक्त कार्बोनेट तापवूनही प्रयोगशाळेत मिळाले. मॅके यांच्या गटाने मॅग्नेटाइटचा मुद्दा अखेरपर्यंत सोडला नाही. मॅके यांचे २०१३ मध्ये निधन झाले. कार्नेगी संस्थेचे अँड्र्यू स्टील यांच्या पथकाने जानेवारी २०२२ मध्ये याच दगडाचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी आणि खडक यांच्यातील निव्वळ रासायनिक क्रियांतून मंगळावरच ही सेंद्रिय संयुगे तयार झाली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मूळ लेखाच्या दोन शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही.

दावा टिकला नाही, तरी त्याच्या धक्क्याने बरेच काही उभे राहिले. ‘नासा’ने १९९८ मध्ये खगोलजीवशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन केली. एका काडीच्या टोकाएवढ्या कणावर निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एकाच वेळी काम करण्याची तंत्रे याच वादात घासून निघाली. मुळात हे सारे शक्य झाले, कारण दगड शिल्लक होता. पहिल्या वर्णनानंतर त्याचा मोठा भाग हात न लावता ठेवलेला होता, म्हणून आठ-नऊ वर्षांनी आणि पुढे सदतीस वर्षांनीही त्याचा नवा तुकडा काढून जुना निर्णय तपासता आला. अंटार्क्टिकाबाहेर सापडणाऱ्या अशनींना अधिकृत नाव हवे असल्यास त्यांचा २० टक्के किंवा २० ग्रॅम यांपैकी जो कमी असेल तेवढा भाग एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. वाळवंटातले अशनी खासगी बाजारात ग्रॅमच्या भावाने विकले जात असताना ही अट जाचक वाटते, पण फेरतपासणीची सोय तिच्यामुळेच उरते.

बर्फात बुडणारे दगड

अंटार्क्टिकावर आजवर सर्व देशांनी मिळून ४५ हजारांहून अधिक अशनी गोळा केले आहेत. तीन लाखांहून अधिक अद्याप पृष्ठभागावर असावेत, असा अंदाज वेरोनिका टोलेनार यांच्या पथकाने २०२२ मध्ये उपग्रहांच्या माहितीवरून मांडला. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, याच अभ्यासकांनी त्यापुढील हिशेब प्रसिद्ध केला. काळा दगड सूर्याची उष्णता शोषतो आणि हवा शून्याच्या खाली असतानाही आपल्या तळाचे बर्फ किंचित वितळवतो. वितळलेल्या जागेत तो खाली बसतो, वर पुन्हा बर्फ गोठते आणि दगड दिसेनासा होतो. कडाक्याच्या थंडीत हे घडत नाही. तापमान थोडे वाढले की घडू लागते. या अंदाजानुसार जागतिक तापमानातील प्रत्येक ०.१ अंश वाढीमागे सरासरी सुमारे नऊ हजार अशनी नजरेआड होतात. सध्या दरवर्षी सुमारे पाच हजार अशनी असे बुडत असावेत. गोळा होणाऱ्या अशनींच्या तुलनेत ही संख्या सुमारे पाचपट आहे.